हाकेला ओ

१

तोंडात टाचण्या धरल्या की शिंपीण बोलत नसे. आणि ती बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे तिच्या पोरीला दुधाचे दात पडायच्या आधीच कळलं होतं. पोर स्टुलावर उभी राहायची, आई तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरायची. इथं चिमटा, तिथं टाचणी. "आई, मी खाली खेळायला जाऊ?" गप्प. म्हणजे जा. "आई, पेन्सिल हरवली." गप्प. म्हणजे मिळेल दुसरी. नाही म्हणायचं असलं तर शिंपीण टाचण्यांच्या आडून नुसतं "अंहं" करायची. त्या घरात तेवढं अंहं म्हणजे कायदा.

पोरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीत असेल. बाकी सगळे तिला ठकी म्हणत, कारण लाकडी बाहुलीसारखी ती हलायची नाही. हलेल कशाला? हललं की टोचायचं. बापानं केव्हाच दुसरीकडे चूल मांडली होती. शिंपीण सिनेमावाल्यांचे कपडे शिवायची आणि लहान मुलींचा झगा असला की ठकीच्या अंगावर बेतायची. दुसऱ्यांच्या पोरींनी पडद्यावर मिरवलेला प्रत्येक झगा आधी ठकीनं घातला होता आणि मुकाट्यानं उतरवून दिला होता. ते उतरवून देणं शिंपिणीच्या फार जिव्हारी लागे. ठकीला काय वाटतं, ते कुणी विचारलं नाही. लाकडाला कोण विचारतं?

एकदा एक दिग्दर्शक कापड बघायला घरी आला. जुना एक सिनेमा होता, एका एकट्या पोरीचा आणि तिच्याशी मैत्री करणाऱ्या रक्तपित्या पोरीचा. लोकांनी तो बोटांच्या फटींतून पाहिला होता. तोच हा साहेब नव्यानं करणार होता. कापड राहिलं बाजूला, तो स्टुलावरच्या ठकीकडे बघत बसला.

"ही कोण?"

"माझीच आहे, साहेब."

"मैत्रिणी आहेत हिला?"

"कुठल्या मैत्रिणी! शाळेतून आली की माझ्या पायाशी चिंध्या गोळा करत बसते. मुलखाची घुमी."

"वा," साहेब म्हणाला. एवढा आनंद त्याला कापड बघून झाला नव्हता.

२

"जुन्या सिनेमात भीती होती, एकटेपणा नव्हता," एकट्या पोरीचं काम ठकीला देत साहेबानं शिंपिणीला समजावलं. "ती पोर ग्लिसरीन घालून रडायची. मला एकटेपणा खरा हवा. तो शिकवून येत नाही."

"मग कसा आणणार?"

"तुम्ही मदत करणार. शूटिंग संपेपर्यंत ठकीशी कुणी बोलायचं नाही. हसायचं नाही, लाड नाही. काय करायचं ते मी सांगेन, तेवढंच. आणि तुम्ही तर चकार शब्द काढायचा नाही."

"अहो, मी आई आहे तिची."

"म्हणून तर. तुम्ही बोललात की बाकी सगळ्यांचं गप्प बसणं पाण्यात."

"घरी तरी?"

"घरी मुळीच नाही. वाढा, न्हाऊ घाला, झोपवा. हाक मारली तर ओ द्यायची नाही. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, बाई. पुढं जन्मभर लोक तिच्याशी बोलायला रांग लावतील."

"तिला सांगू ना, असं असं आहे म्हणून?"

"सांगितलंत तर खेळ समजेल. मग चेहऱ्यावर खेळच येईल."

शिंपिणीनं रात्रभर विचार केला असं म्हटलं तर बरं दिसेल. पण तिनं चहा गार व्हायच्या आत हो म्हटलं. तिच्या डोळ्यांपुढे भिंतभर मोठं पोस्टर होतं, आणि त्यावरचा झगा कुणाला उतरवून द्यायचा नव्हता.

शूटिंग एका बंद पडलेल्या शाळेत. खिडक्यांना शिंपिणीनंच जाड काळ्या कापडाचे पडदे शिवले, कडा दुहेरी मुडपून, उन्हाची रेघसुद्धा आत येऊ नये म्हणून. बाहेर भर दुपार, आत काळोखी रात्र. रक्तपित्या पोरीचे तीन झगे तिनं शिवले, एकाच मापाचे. एक धड, एक मळका, एक फाटका. सिनेमात असंच असतं, पोर एक आणि झगे ढीगभर. ते काम करणारी मुलगी मोठ्या घरची होती, ती ठकीचं काम उरकत आलं की आपल्या वाट्याचं करायला शेवटच्या दिवसांत येणार होती. तोवर झगे कपड्यांच्या खोलीत खुंट्यांना टांगून राहिले.

त्या खोलीत शिंपिणीच्या जोडीला म्हातारा इस्त्रीवाला होता. सगळे त्याला काका म्हणत. त्याची इस्त्री थांबली तरी जीभ थांबत नसे.

"मुक्याला बोलकं करणारे वैद्य ऐकले होते बाई," तो म्हणाला. "बोलक्या पोरीला मुकं करणारा हाच पहिला."

"काका, तुम्ही आपल्या सुरकुत्या बघा."

"बघतोय की. मी काढतोय, तो साहेब पाडतोय."

३

पहिल्या दिवशी ठकी आईच्या तोंडाकडेच बघत राहिली. तोंडात टाचण्या नव्हत्या. तरी आई बोलत नव्हती. असं कधी झालं नव्हतं, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा ते पोरीला कुणी शिकवलं नव्हतं.

"आई, माझं काही चुकलं?"

शिंपीण सुईत दोरा ओवत राहिली.

"आई. ए आई."

दोरा काही ओवला जाईना.

थोड्या वेळानं पोर उठली, टाचण्यांची डबी उघडली आणि आईपुढे धरली. हात जरासुद्धा हलत नव्हता, हलायचं नाही ही सवयच. शिंपिणीनं डबीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या. ठकीनं सुस्कारा टाकला. आता ठीक. आता आई गप्प आहे ती टाचण्यांमुळे. गप्प म्हणजे बरं चाललंय.

त्या दिवसापासून शिंपीण उठल्यापासून झोपेपर्यंत ओठांत टाचण्या धरून वावरायला लागली. पोरीवर तिनं तेवढी एकच दया केली. तीच पुढं नडली.

शाळेत मात्र टाचण्यांचा आधार नव्हता. दिवेवाले ठकी आली की पाठ फिरवत. रंग लावणारा तिच्या गालांवर ब्रश फिरवी आणि बोले भिंतीशी. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसत, ठकीचं ताट लांब जिन्यावर ठेवलेलं असे. कॅमेऱ्यापुढे तिला काहीच करावं लागत नव्हतं. ती नुसती बघायची आणि साहेब मॉनिटरपुढे मांडीवर थाप मारायचा.

एका दुपारी शिंपीण कपड्यांच्या खोलीच्या दारात आली आणि तिनं पाहिलं, जिन्यावर ठकी एकटी नव्हती. एक पायरी वर कुणी मुलगी बसली होती. तोंड काळोखात, पण झगा ओळखीचा. मळका. आपला. शिंपिणीनं मनाशी हिशेब घातला. दिवे जुळवताना नटीच्या जागी उभं करायला एखादी तशाच अंगाची पोर आणतात, तीच असणार. कॅमेरावाल्यांनी आणली असेल. तिला मनातून बरंच वाटलं. पोरीला कुणीतरी बोलायला मिळालं, आणि मोडला तर नियम कॅमेरावाल्यांनी मोडला, आपण नाही.

ती आत आली. मळका झगा खुंटीवर होता.

पायांत भिंगरी असेल कार्टीच्या, धावत येऊन टांगून गेली असेल, असं म्हणत तिनं झगा हातात घेतला. अंगातून उतरलेला कपडा घटकाभर तरी कोमट असतो. कपड्यावर जन्म काढलेल्या बाईला ते बोटांनी कळतं. हा गारढोण होता. आणि कॉलरपाशी लाल डाग पडले होते.

४

आता सिनेमातलं रक्त म्हणजे काय, तर साखरेचा पाक आणि रंग. दिसायला भयंकर, चवीला गोड, आणि कपडेवाल्यांच्या जिवाला घोर. रक्ताचा कपडा घटकाभर उघडा राहिला की मुंग्यांचं वऱ्हाड हजर. म्हणून शिंपीण असे कपडे भिंतीपासून लांब, मधल्या दोरीवर टांगायची. रंगवाल्यानं रक्ताची छटा बघायला झग्यावर लावून पाहिली असणार, असं धरून तिनं तो झगा दोरीवर टांगला. शेजारी रंगवाल्याचं रक्त पुसायचं फडकं होतं.

सकाळी फडकं मुंग्यांनी काळंभोर झालं होतं. दोरीवरून त्यांची रांग लागली होती, आणि ती रांग झग्याच्या हँगरपाशी आली की थांबत होती. पुढची मुंगी मागे वळे. मागची तिच्या तोंडाला तोंड लावी, तीही वळे. झग्यावर एक मुंगी नव्हती.

शिंपिणीनं काकांना खुणेनं बोलावून ती रांग दाखवली.

काकांनी चष्मा कपाळावर घेतला. "नवीन पाक असेल. बिनसाखरेचा. हल्ली माणसंही तसाच चहा पितात."

शिंपीण हसली. टाचण्या तोंडात असल्यानं ते हसणं नाकातून आलं. मग तिनं झगा बादलीत बुडवला. गोडाचा डाग गार पाण्यात चटकन सुटतो. हा डाग तिला मीठ लावून घासावा लागला, आणि पाण्याला जो वास सुटला तो तिनं ओळखला. बाईमाणसाला तो वास ओळखायला शिकावं लागत नाही. तिनं पाणी मोरीत ओतलं, वर आणखी दोन बादल्या ओतल्या आणि रंगवाल्याला काही विचारायचं नाही असं ठरवलं. विचारलं आणि तो 'मी नाही लावलं' म्हणाला, तर मग काय करायचं?

५

ठकी सुकत चालली. कंबरेत झगा सैल व्हायला लागला, शिंपीण तो आत घेत गेली. शिवण उसवायची, पुन्हा मारायची, आणि दोन-चार दिवसांत पुन्हा सैल.

"हिच्या चेहऱ्याला काय लावलंस?" साहेबानं रंगवाल्याला विचारलं. "अप्रतिम!"

"साहेब, मी आज हात लावलेला नाही," रंगवाला म्हणाला.

साहेबाला ते विनोदी वाटलं.

पोर एकटी झाली की रंग उतरायचाच, शिंपिणीनं स्वतःला सांगितलं. जेवत नाही, त्यानं हात गार पडतात. उन्हात डोळे मिटून घेते कारण दिवसभर काळोखात असते. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे एकेक कारण होतं, टाके घालावे तशी ती एकापुढे एक घालत होती. फक्त एक टाका बसत नव्हता. ठकी आता हाका मारत नव्हती. उलट खुशीत दिसायची. घरी आली की आपल्या आतल्या खोलीत जायची, आणि बंद दाराआडून हसण्याचा आवाज यायचा.

"कॉलर उंच कर ना," स्टुलावर उभी असताना ती म्हणाली.

शिंपिणीनं कॉलर बघायला केस बाजूला केले. मानेवर बारीक टिपके होते. टाचणी लागली असेल. आपलीच टाचणी लागली असेल, आपण तरी कुठं धड लक्ष देतो. तिनं कॉलर बोटभर उंच केली. उरलेल्या काळ्या कापडाचा तुकडा ठकीनं मागितला, खिडकीला लावायला. आईनं तोही मुडपून, शिवून दिला. बोलायचं नव्हतं, शिवून द्यायला कुणी बंदी केली होती?

६

ठकीचा शेवटचा दिवस उजाडायचा होता. तिचा एकच शॉट उरला होता, नुसत्या चेहऱ्याचा. संध्याकाळी शिंपिणीनं तिला घरी स्टुलावर उभं केलं आणि शेवटच्या शॉटचा झगा बेतायला घेतला. ओठांत टाचण्या. खोलीत कात्रीचा आवाज तेवढा.

"आई, माझी मैत्रीण आहे ना जिन्यावरची, तिला घरी यायचंय."

शिंपीण कमरेपाशी चिमटा घेत होती.

"ती म्हणते, आधी आईला विचार. आई नको म्हणाली तर नाही येणार. कधीच नाही येणार म्हणाली."

चिमटा तसाच राहिला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग आली की ती जाणार नाही. मला म्हणाली, तुझी आई बोलत नाही ना, मी बोलेन. कायम. आणू तिला?"

शिंपिणीनं मान वर केली. पोरीचा चेहरा अगदी जवळ होता. डोळ्यांखाली निळसर छाया, गालांची हाडं वर आलेली, आणि नजरेत असं काही वाट बघणं होतं की तसं तिनं कुठल्याच नटीच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. साहेब जे मागत होता ते हेच. उद्या सकाळपर्यंत एवढं टिकायला हवं. आज एक अक्षर बोललं तर पोर गळ्यात पडेल, रडेल, झोपेल, आणि उद्या कॅमेऱ्यापुढे चार घरच्या पोरींसारखी पोर उभी राहील. खोलीत साहेब नव्हता. कुणी बघत नव्हतं. नुसतं अंहं पुरलं असतं.

तिच्या पोटातून ते वर आलंही. टाचण्यांपर्यंत आलं.

उद्या, तिनं मनात म्हटलं. उद्या दुपारनंतर बोलूच की पोटभर. आणि तिनं डोळे खाली वळवून चिमट्यात टाचणी टोचली.

"बरं," ठकी म्हणाली. पहिल्यांदाच ती स्टुलावर हलली, टाचा उचलून नाचल्यासारखी. "ती म्हणालीच होती, आई गप्प बसेल."

७

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरची मुलगी आली. गुबगुबीत, लाडावलेली, बरोबर आई, आत्या आणि थंड पाण्याच्या बाटल्या. शिंपिणीनं तिला मळका झगा चढवला तर पाठीची बटणं लागेनात.

"मापं फोनवरून घेतली की असंच," काका म्हणाले. "काढा शिवण."

"पण त्या दुसऱ्या पोरीला तर बेतून शिवल्यासारखा बसतो." टाचण्या शिंपिणीनं हातात घेतल्या होत्या. "दिव्यांसाठी आणलेली. कॅमेरावाल्यांची."

"कॅमेरावाल्यांची कुठली? त्यांनी मला विचारलं, तुमच्या बाईंनी झगा बघायला पोर आणलीय का म्हणून. मी म्हटलं असेल." काकांनी इस्त्रीवर पाणी शिंपडलं, ती फस्स झाली. "गंमत बघा, जुन्या सिनेमाच्या वेळीही मीच होतो, पोऱ्या होतो तेव्हा. रक्तपित्या पोरीचं काम केलेली मुलगी कुणी आणली, हा वाद पुढं कितीतरी दिवस चालला. आम्ही म्हणायचो कॅमेरावाल्यांनी, ते म्हणायचे तुम्ही. अंगात आपला कपडा असला की आपलंच माणूस, दुसरं काय! सिनेमात कोण कुणाला घर विचारतं?"

"आणि त्यातली दुसरी? एकटीचं काम केलेली?"

काकांनी इस्त्री उभी ठेवली. त्यांची नजर काळ्या पडद्यांच्या वर्गाकडे गेली.

शिंपीण धावत सुटली. काळ्या पडद्यांच्या वर्गात दिवे लागले होते, मधोमध ठकी उभी होती, आणि साहेबानं बोट ओठांवर ठेवलं होतं. कॅमेरा चालू होता. शिंपीण दारात थबकली. आत्ता हाक मारली तर शॉट वाया. हा चेहरा पुन्हा मिळायचा नाही. तिनं मुठीतल्या टाचण्या तोंडात कोंबल्या आणि उभी राहिली. एवढं झालं, तर आणखी क्षणभर.

"झालं!" साहेब ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, या. आता बोला तिच्याशी. हवं तेवढं बोला."

"ठकी!" टाचण्या थुंकायचंही तिला भान राहिलं नाही. एक ओठात घुसली. "ठके, बाळा, माझं चुकलं. मी मुद्दाम नाही गं बोलले. ती पोर, तिला सांग, नको म्हणून. आई नको म्हणते म्हणावं. अंहं! ऐकलंस ना? अंहं!"

सगळे हसले, कारण आता हसायला परवानगी होती.

ठकी आईकडे बघत होती. म्हणजे आईच्या ओठाकडे, जिथं टाचणी घुसून रक्ताचा थेंब आला होता तिथं. एवढंच.

८

मग शिंपीण बोलत राहिली. जेवताना बोलली, केस विंचरताना बोलली, शिवणयंत्र चालवताना आवाज चढवून बोलली. सगळं जे साठवलं होतं ते. टाचण्यांची डबी तिनं कपाटावर टाकली. ठकी ऐकून घ्यायची, ताट तसंच सोडायची आणि आतल्या खोलीत जायची. दार लागायचं. मग आतून कुजबूज यायची, दोन आवाजांची, दोन्ही ठकीसारख्याच.

त्या खोलीच्या उंबऱ्यावर, मुंग्या आत जातात का बघायला, साखर सांडून ठेवावी असं शिंपिणीला एकदा वाटलं. तिनं ठेवलीही. मुंग्या आल्या, साखर नेली, आणि दाराच्या फटीपाशी येऊन वळून गेल्या.

भर दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, ती दारापाशी उभी राहिली.

"ठकी, आत येऊ?"

आत कुजबूज थांबली. कुणी बोललं नाही. आणि त्या घरात गप्प म्हणजे काय, ते तिनंच शिकवलं होतं.

तिनं दार ढकललं. आत रात्र होती, तिनं शिवलेली. दारातून गेलेली उन्हाची पट्टी पलंगाच्या पायापर्यंत पोचली आणि तिथं थांबली. पलंगावर भिंतीकडे तोंड करून दोघी बसल्या होत्या. एकसारख्या पाठी, एकसारख्या वेण्या, एकसारख्या उंच कॉलरी. ठकीचा डावा खांदा जन्मापासून चिमूटभर उतरता होता. तिच्या प्रत्येक झग्यात त्या खांद्याला शिंपीण कापडाची बारीक गादी घालायची. डोळे बांधून तो खांदा तिनं हजार पोरींत ओळखला असता.

दोन्ही डावे खांदे उतरते होते.

शिंपीण उभी राहिली. मागं पाऊल घ्यायला जागा होती, ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती.

तेवढ्यात भिंतीकडेच बघत, मान न वळवता, दोघींतल्या एकीनं हाक मारली.

"आई."

किती दिवसांनी मारलेली हाक ती. कुणी मारली, ते तिला कळलं नाही. टाचण्या तोंडात नव्हत्या. अंहं म्हणता आलं असतं.

"ओ," शिंपीण म्हणाली. आणि ऊन आत येऊ नये म्हणून तिनं पाठीमागचं दार स्वतःच्या हातानं लोटून घेतलं.